छोटं २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन: काही महिने वापरल्यानंतर

हौसेने लोखंडकाम करणाऱ्याला हल्ली जे मशीन सुचवलं जातं ते साधारण एकाच घाटाचं असतं: पट्ट्याला धरून सहज उचलता येणारं, सिंगल फेज २३० व्होल्टवर चालणारं आयजीबीटी (करंट वेगाने चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरणारं इन्व्हर्टर, आणि पुढच्या बाजूला ठळक अक्षरात २००. अशाच एका मशीनवर काही महिने टेबलं, रॅक, अँगलचे ब्रॅकेट, गेटची बिजागरं आणि जुन्या गंजक्या वस्तूंची डागडुजी असं सगळं काम झालं. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. मशीन घेण्याजोगं आहे. पण ज्या आकड्यावर ते विकलं जातं, तो आकडा घरच्या कामात लागतच नाही. मशीन ५० ते १०० अँपिअरमध्ये कसं वागतं ते महत्त्वाचं, आणि त्याहून महत्त्वाचं घरचं वायरिंग.

आधी त्या २०० चा हिशेब करू, कारण मशीन निवडताना तोच सगळ्यात उपयोगी पडतो. आर्कला, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यात पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीला, २०० अँपिअर द्यायचे तर मानकानुसार लोडवरचा व्होल्टेज २८ धरतात. म्हणजे ५.६ किलोवॅट बाहेर पडायला हवेत. मशीनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर आत साडेसहा किलोवॅटच्या वर लागतात, म्हणजे २३० व्होल्टवर २८-२९ अँपिअर, तेही पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी किती खरंच कामी येतो ते प्रमाण) १ असेल तर. छोट्या मशीनचा तो ०.७ च्या आसपास असतो, त्यामुळे खरा आकडा ४० कडे जातो. आता मागची प्लेट बघा. पुढे २०० आणि मागे जास्तीत जास्त इनपुट करंट २५ अँपिअर लिहिला असेल, तर दोन्हींपैकी एक आकडा खोटा आहे. दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर हा गुणाकार करता येतो. हिशेब जुळत नसेल तर ते मशीन १४०-१६० चं समजून त्याच तोडीच्या मशीनशी त्याची तुलना करावी. प्लेटच नसेल, नुसता स्टिकर असेल, तर विषय संपला.

प्लेटवर ‘एक्स’ या अक्षराखाली टक्के असतात, तो ड्युटी सायकल. तो १० मिनिटांच्या हिशेबाने आणि ४० अंश सेल्सिअस तापमानाला मोजतात. ३० टक्के म्हणजे त्या करंटवर ३ मिनिटं आर्क, ७ मिनिटं विश्रांती. करंट कमी केला की हा वेळ झपाट्याने वाढतो: २०० वर ३० टक्के देणारं मशीन ११० च्या आसपास सलग चालायला हवं. शिवाय २.५ मिमीचा ३५० मिमी लांबीचा रॉड ८० अँपिअरवर साधारण मिनिटभरात संपतो. मग खपली (जोडावर गोठणारा काचेसारखा थर) फोडा, ब्रश मारा, जोड बघा, नवीन रॉड लावा. एवढ्या वेळात मशीन निवतं. इतक्या महिन्यांत पिवळा दिवा, म्हणजे तापल्याचा इशारा, लागला तो ३.१५ चे रॉड एकामागून एक जाळतानाच. दिवा लागला की मशीन बंद करू नका. पंखा चालू राहू द्या, त्यानेच ते लवकर थंड होतं.

वायरिंगचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. २.५ चा रॉड ९० अँपिअरवर चालवताना मशीन भिंतीतून साधारण १५ अँपिअर ओढतं. १६ अँपिअरच्या सॉकेटवर हे जेमतेम बसतं. ३.१५ चा रॉड १२० वर घेतला की ओढ २१-२२ अँपिअरवर जाते. गोची अशी की १६ चा एमसीबी एवढ्याला लगेच पडत नाही, तो कितीतरी वेळ हे सोसतो. आणि तेवढ्या वेळात प्लगच्या पिना आणि सॉकेटच्या आतली पकड तापत राहते. पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडायला लागलं तर दोष मशीनचा नाही, सॉकेटचा. ३.१५ चे रॉड नियमित चालवायचे असतील तर इलेक्ट्रिशियनकडून ४ चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र लाइन, ३२ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी आणि औद्योगिक प्रकारचा प्लग-सॉकेट घालून घ्यावा. सी-कर्व्ह अशासाठी, की चालू करताक्षणी आतले कपॅसिटर भरतात आणि त्या झटक्याने बी-कर्व्ह विनाकारण पडतो. अर्थिंग आहे असं गृहीत धरू नका, मोजून घ्या.

एक्स्टेन्शन शक्यतो नको. १.५ चौरस मिमीची २० मीटर वायर २० अँपिअरवर जवळजवळ १० व्होल्ट खाते, आणि ती रीळावर गुंडाळलेली असेल तर आतल्या आत शिजते. लांब जायचंच असेल तर वेल्डिंगच्या केबली लांब घ्या. २५ चौरस मिमीच्या दोन्ही केबली १० मीटर केल्या तरी १०० अँपिअरला दीडेक व्होल्टच पडतो, आणि इन्व्हर्टर करंट धरून ठेवत असल्याने हाताला फरक जाणवत नाही. वर २३० व्होल्टची वायर ठिणग्यांत आणि पाण्यात लोळत नाही, हा फायदा वेगळाच.

आता प्रत्यक्ष काम. घरच्या नव्वद टक्के कामाला ६०१३ हा साधा, सर्रास वापरला जाणारा रॉड पुरतो. २ मिमीचा ४५ ते ६०, २.५ चा ६० ते ९०, ३.१५ चा ९० ते १३० अँपिअर. पाकिटावर छापलेला पट्टा आधी पाळा, मग कानाने दुरुस्त करा. करंट कमी असेल तर रॉड चिकटतो आणि बीड (जोडावर गोठलेली धातूची रेघ) दोरीसारखी वर उभी राहते. जास्त असेल तर जोडाच्या कडेला खाच पडते, छर्रे उडतात आणि शेवटचा तिसरा हिस्सा येईपर्यंत रॉड लाल होतो. आर्कची लांबी रॉडच्या जाडीएवढी. ६०१३ ची खास खोड म्हणजे वितळलेली खपली पुढे पळते. हात हळू चालला किंवा रॉड फार आडवा झाला की ती धातूच्या पुढे जाऊन खाली गाडली जाते. वरून बीड देखणी, ग्राइंडर मारल्यावर आत काळ्या रेघा. चमकणारा पातळ थर म्हणजे खपली, त्यामागचा जड, संथ भाग म्हणजे धातू. हे दोन वेगळे दिसायला लागले की निम्मं वेल्डिंग आलं.

खरी परीक्षा १.६ मिमी जाडीच्या २५ बाय २५ चौकोनी पाइपची, आणि हौशी माणूस हाच पाइप सगळ्यात जास्त वापरतो. इथे स्वस्त मशीन उघडं पडतं. ५० च्या खाली आर्क फडफडतो, विझतो, किंवा नॉब जरा सरकवला की एकदम १० अँपिअरने उडी घेतो. आमच्याकडचं मशीन ४५ पर्यंत स्थिर राहतं, त्याखाली नाही. पद्धत अशी: जोडाच्या दोन्ही बाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटर गंज, रंग आणि काळी पापडी काढून टाका. पाइप इतके नीट कापा की फट राहू नये, कारण भोक पडतं ते बहुतेक फटीतूनच. २ मिमीचा रॉड, ४५-५० अँपिअर, होल्डर (रॉड धरणारी पकड) निगेटिव्हला. चारही कोपऱ्यांना ५-६ मिमीचे टाके मारा, कर्ण मोजा, मग २०-२५ मिमीचे तुकडे समोरासमोरच्या बाजूंनी भरत जा. एकच बाजू पूर्ण भरली तर चौकट त्या बाजूला ओढली जाते आणि नंतर कितीही ठोका, सरळ होत नाही. शक्य तिथे जोड उभा धरून वरून खाली या. पातळ पाइपला तेवढी उथळ पकड पुरते, पण जाड पट्टीला ही युक्ती लावू नका.

भोक पडलंच तर तिथेच रॉड धरून भरत बसू नका, ते वाढतं. लाली जाऊ द्या, खपली फोडा, ५ अँपिअर कमी करा आणि कडेवर एक-एक ठिपका ठेवत आत या, दर दोन-तीन ठिपक्यांनी पुन्हा खपली काढत. मागे हात पोहोचत असेल तर तांब्याची पट्टी दाबून धरा, लोखंड तिला चिकटत नाही. आणि काटकोनाचं चुंबक टाके मारून झाल्यावर लगेच काढून घ्या. डीसी आर्क चुंबकाजवळ एका बाजूला पळतो, आणि नवा माणूस अर्धा दिवस मशीनला शिव्या घालतो.

जोड वजन पेलणारा असेल, ट्रेलरची कडी किंवा जिना असा, तर ६०१३ वर भागवू नये. ७०१८ हा जास्त मजबूत जोड देणारा रॉड लागतो, होल्डर पॉझिटिव्हला, आणि रॉड खरोखर कोरडा: ३००-३५० अंशांवर तासभर तरी भाजलेला. ते घरी जमत नसेल तर असं काम घरी करू नये, हे माझं स्पष्ट मत. ६०१३ ला एवढा कडक नियम नाही. हवाबंद डब्यात ठेवला तर पुरतो. ओल लागलेला रॉड सुरुवातीला वाफ सोडतो आणि बीडमध्ये सुईएवढी भोकं दिसतात. तो १०० अंशांच्या जरा वर तासभर ठेवला की सुधारतो, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको.

खोक्यावरच्या सुविधांपैकी हॉट स्टार्ट खरोखर कामाचा. आर्क पेटताना क्षणभर करंट वाढवतो, त्यामुळे अर्धा वापरलेला रॉडही पटकन धरतो. पातळ पत्र्यावर मात्र हाच झटका भोक पाडतो, म्हणून तो कमी करता येणारं मशीन मिळालं तर उत्तम. अँटी-स्टिक म्हणजे रॉड चिकटला की करंट तोडणं, ते आता बहुतेक मशीनमध्ये असतंच. आर्क फोर्स, म्हणजे आर्क फार आखूड झाला की करंट वाढवणं, ६०१३ ला फारसा लागत नाही. ‘टिग’ (टंगस्टनची सुई आणि आर्गॉन वायू वापरून केलेलं वेल्डिंग) असं लिहिलेलं असलं तरी वेगळी टॉर्च, आर्गॉनचं सिलिंडर आणि रेग्युलेटर घ्यावाच लागतो, आणि डीसीवर अॅल्युमिनियम नीट होत नाही. त्या तीन अक्षरांसाठी जास्त मोजू नका. डिजिटल आकडा बहुतेक वेळा नॉबने ठरवलेला करंट दाखवतो, आर्कमधला खरा नाही. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावला तर पाच-दहा अँपिअरचा फरक सहज दिसतो.

सोबत येणारं सामान हा या वर्गातला सगळ्यात कच्चा दुवा. अर्थ क्लॅम्प पितळेच्या मुलाम्याचा पत्रा निघतो. त्याचा एकच जबडा केबलला जोडलेला असतो, दुसरा नुसता स्प्रिंगच्या भरवशावर. पकड गरम लागली तर दोन्ही जबडे तांब्याच्या जाळीपट्टीने जोडा, किंवा सरळ चांगला क्लॅम्प घ्या. आर्क मध्येच तुटतो तेव्हा दहापैकी आठ वेळा कारण इथेच असतं: रंगावर लावलेला क्लॅम्प, किंवा मशीनच्या तोंडाशी अर्धवट फिरवलेला कनेक्टर. तो आत घालून घट्ट होईपर्यंत फिरवायचा असतो. सैल राहिला तर आतलं पितळ जळतं. केबल तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची, ते टोकाची तार चाकूने खरवडून बघा.

हेल्मेट खोक्यातलं वापरू नये. आपोआप काळं होणारं घ्या, चार सेन्सरचं. दोन सेन्सरवाल्यात एखादा पाइप मध्ये आला की काच मधेच उघडते आणि डोळ्यांपुढे लख्ख होतं. अतिनील किरण काच उघडी असतानाही अडतात, पण तो झगझगाट त्रासदायकच. १०० अँपिअरपर्यंत शेड (काचेच्या काळेपणाचा आकडा) १०, त्यावर ११. आणि ग्राइंडिंगच्या मोडवर ठेवलेलं हेल्मेट काळं होतच नाही, म्हणून दर वेळी ग्राइंडरनंतर ते बटण बघा. जस्ताचा मुलामा असलेला पाइप वेल्ड करण्याआधी जस्त घासून काढा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा. त्या पांढऱ्या धुराने रात्री थंडीताप भरतो. काम संपल्यावर अर्धा तास तरी जागा सोडू नका, ठिणगी भुशात किंवा चिंधीत बराच वेळ धुमसत राहते.

टिकण्याच्या बाबतीत या मशीनचा खरा वैरी ग्राइंडरचा भुगा. पंखा तो आत ओढतो, आणि आतल्या बोर्डावर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो. तिथे लोखंडाचा कण आडवा पडला की आयजीबीटी उडतात आणि दुरुस्ती परवडत नाही. मशीन ग्राइंडरच्या ठिणग्यांच्या विरुद्ध बाजूला, जमिनीपासून वर ठेवा. महिन्याकाठी प्लग काढून, दहा मिनिटं थांबून, कोरडी हवा हलक्या दाबाने जाळीतून सोडा. झाकण उघडायची घाई करू नका, कपॅसिटर बराच वेळ भरलेले राहतात.

मुख्य काम एक मिमीच्या आतला पत्रा किंवा गाडीची बॉडी असेल तर हे मशीन घेऊच नका, रॉडने तिथे डोकेदुखी होईल. ०.८ मिमीच्या फ्लक्स-कोअर तारेवर (पोकळ, आत फ्लक्सची पूड भरलेली), गॅसशिवाय चालणारं मिग, म्हणजे रॉडऐवजी तार आपोआप पुढे सरकवणारं मशीन, बघा. फक्त त्यात पोलॅरिटी (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह) बदलता येते का हे विचारा, कारण ही तार टॉर्च निगेटिव्हला ठेवून चालवायची असते. आणि तार पुढे ढकलणारा रोलर दातेरी असावा, गुळगुळीत रोलरवर ही पोकळ तार एकतर घसरते किंवा चेपते.