टीएलसीच्या तयार अॅल्युमिनियम शीट: उन्हाळा, पावसाळा आणि थंडी वापरून

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं आयुर्वेदिक चूर्णांचं छोटं युनिट आहे. क्यूसीत (माल तपासणीत) मी आणि एक हेल्पर. अर्कातले घटक वेगळे करून मोजणारं एचपीएलसी यंत्र नाही, आणि एचपीटीएलसीचं (टीएलसीच्याच यंत्रावर चालणाऱ्या प्रकाराचं) नाव काढलं की शेठ विषय बदलतात. गोणीतला माल खरा की खोटा हे आमच्याकडे टीएलसीवरच ठरतं, म्हणजे पातळ थराच्या पट्टीवर सॉल्व्हंट चढवून अर्कातले घटक वेगवेगळे डाग म्हणून पाहायचे. त्यात कमीपणा वाटण्याचं कारण नाही. १९३८ मध्ये खारकीवला इझमायलोव्ह आणि श्रायबर यांनी काचपट्टीवरच्या अॅल्युमिनाच्या थरावर ही पद्धत पहिल्यांदा वापरली, तेही औषधी वनस्पतींचे अर्कच तपासत होते.

मार्चपर्यंत आम्ही स्लाइडवर हातानेच थर द्यायचो. एक भाग सिलिका जेल जी, दोन भाग पाणी, ढवळून झटपट ओतायचं, कारण त्यातलं जिप्सम लगेच धरायला लागतं. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला हे ठीक आहे. पण थर एका टोकाला जाड, दुसऱ्याला पातळ झाला की दोन लेनची (शेजारशेजारच्या नमुन्यांच्या उभ्या रांगांची) तुलना कशी करणार? मार्चमध्ये सिलिका जेल ६० एफ२५४ च्या २० बाय २० सेंटिमीटरच्या शीट मागवल्या. ६० म्हणजे सिलिकाच्या छिद्रांचा सरासरी व्यास, ६० अँगस्ट्रॉम. एफ२५४ म्हणजे थरात मिसळलेलं असं द्रव्य, जे २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली हिरवं चमकतं. जो पदार्थ तो प्रकाश शोषतो, त्याचा हिरव्यावर काळा डाग दिसतो.

बॉक्समध्ये २५ शीट येतात. एका शीटच्या ५ बाय १० च्या आठ पट्ट्या होतात, म्हणजे बॉक्स जपून वापरला तर बरेच महिने जातो. थर ०.२ मिलिमीटरचा आणि सगळीकडे सारखा. कात्री मात्र धारदार हवी. बोथट कात्रीने कडेचा थर खपल्यांसारखा निघतो आणि सॉल्व्हंट तिथून तिरकं चढतं. आरंभरेषा (जिच्यावर अर्क लावायचा ती) पेन्सिलनेच, तीही दाब न देता. पेनची शाई स्वतःच वर पळत जाते.

त्रिकटूसाठी (सुंठ, मिरे, पिंपळी) आमची सिस्टिम, म्हणजे पट्टीवर चढणारं सॉल्व्हंट, टोल्युइन आणि इथाइल अॅसिटेट, ७:३. मिरे आणि पिंपळीतलं पायपरिन हे तिखट द्रव्य २५४ खाली ठळक काळं, ३६६ नॅनोमीटरच्या दिव्याखाली निळसर. सुंठेच्या लेनमध्ये तिथे तो डाग नसतो, त्यामुळे चूर्णात कोण आहे आणि कोण नाही हे पाहणं सोपं जातं. हळदीला क्लोरोफॉर्म-मिथेनॉल ९५:५. तीन पिवळे डाग सुटे होतात, सगळ्यात वर कर्क्युमिन, खाली त्याची दोन भावंडं. ३६६ खाली तिन्ही झळाळतात. मेटॅनिल यलो या कृत्रिम पिवळ्या रंगाची भेसळ असेल तर तो रंग सल्फोनेट असल्यामुळे सिलिकेला चिकटून खालीच, आरंभरेषेच्या आसपास रेंगाळतो आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब लागला की गुलाबी-जांभळा होतो. रविवार कारंज्यावरून आणलेली हळद असो की सांगलीहून आलेली, दिव्यापुढे दोघींची परीक्षा सारखीच.

स्पॉट (अर्काचा ठिपका) लावताना एक सांगते. मिथेनॉलचा अर्क एकदम ओतला तर डाग पसरून कडं होतं. थोडं लावायचं, वाळू द्यायचं, पुन्हा थोडं. डाग जितका लहान, तितकी वेगळवण चांगली. डागाला शेपूट फुटत असेल तर आधी माल कमी लावून बघा. तरीही फुटत असेल तर आम्लधर्मी पदार्थासाठी मोबाइल फेजमध्ये (वर चढणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये) फॉर्मिक किंवा अॅसेटिक आम्लाचे थेंब, अल्कलॉइडसाठी (वनस्पतीतल्या अल्कधर्मी द्रव्यांसाठी) डायइथाइलअमाइन.

आता खरी गोष्ट पावसाळ्याची. जुलैत पाऊस लागला आणि पायपरिनचा डाग नेहमीपेक्षा वर चढायला लागला. अर्क तोच, सॉल्व्हंट तेच, पट्टी त्याच बॉक्समधली. शेठनी रजिस्टर पाहून विचारलं, "मॅडम, माल बदलला का?" म्हटलं, "माल तोच आहे, हवा बदललीय." सिलिका पावसाळ्यातल्या मिठाच्या बरणीसारखी ओल ओढते. पाणी तिच्या पृष्ठभागावरच्या जागा अडवतं, पदार्थ धरून ठेवायची ताकद कमी होते आणि आरएफ, म्हणजे सॉल्व्हंटच्या चढाईच्या तुलनेत डाग किती वर गेला तो आकडा, वाढतो. सगळे सांगतात की पट्टी ११० अंशावर अर्धा तास तापवा. तापवाच, पण बाहेर काढून स्पॉट लावेपर्यंत काही मिनिटांत ती पुन्हा हवेशी जुळवून घेते, मग त्या अॅक्टिव्हेशनचं (ओल घालवण्याचं) फारसं काही उरत नाही.

आम्हाला उपयोगी पडलेला उपाय स्वस्त आहे. मॅग्नेशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण तळाशी ठेवलेल्या बंद बरणीत आर्द्रता साधारण ३३ टक्क्यांवर राहते. स्पॉट लावलेली पट्टी त्यात टांगायची, अर्ध्या तासाने काढून लगेच चेंबरमध्ये (सॉल्व्हंटच्या बरणीत). तेव्हापासून जुलैतला आणि डिसेंबरातला आकडा एकमेकांच्या जवळ आला. तरी आरएफचा आकडा एकटा पुरावा म्हणून मी मानत नाही. प्रत्येक पट्टीवर शेजारी स्टँडर्डची (ओळखीच्या नमुन्याची) लेन असते. आकडा सरकला तर दोन्ही डाग बरोबर सरकतात आणि ओळख पटायला तेवढं पुरतं.

चेंबर म्हणजे आमच्याकडे रुंद तोंडाची, काचेच्या झाकणाची बरणीच. आत फिल्टर पेपर लावायचा, सॉल्व्हंट ओतून वीस मिनिटं थांबायचं. हे टाळलं की पट्टीवरून सॉल्व्हंट उडत राहतं, त्याची जागा घ्यायला खालून जास्त येतं, कडेचे डाग मधल्यांपेक्षा वर जातात आणि मग रंग शोधण्यापेक्षा कारणं शोधण्यात वेळ जातो.

तक्रारी आहेत. तुळशीतल्या अर्सोलिक आम्लासारखे पदार्थ २५४ खाली जवळपास दिसत नाहीत, त्यांना रंग आणणारा अॅनिसाल्डिहाइडचा फवारा लागतो: ०.५ मिली अॅनिसाल्डिहाइड, १० मिली ग्लेशियल अॅसेटिक आम्ल, ८५ मिली मिथेनॉल आणि शेवटी ५ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल, याच क्रमाने. फवारून १०० ते १०५ अंशावर पाच-दहा मिनिटं. इतपत अॅल्युमिनियम शीट सोसते. पण नुसत्या सल्फ्युरिकने कडक तापवून डाग काळे करायचे असतील तर काचेच्याच प्लेट घ्या. इथे बाइंडर (थर चिकटवून ठेवणारं द्रव्य) सेंद्रिय आहे, तो काळवंडला की मागची पार्श्वभूमीच मळकट होते. आयोडीनच्या वाफेने दिसणारे डाग उडून जातात, म्हणून लगेच पेन्सिलने गोल काढा, मोबाइलवर फोटो घ्या.

आणि पायपरिन किती आहे हे ही पट्टी सांगत नाही. स्टँडर्डची तीव्रता कमी-जास्त करून शेजारी लावली तर डोळ्याने अंदाज येतो, पण तो अंदाजच. खरेदीदार टक्के मागतात तेव्हा नमुना बाहेरच्या लॅबला पाठवावा लागतो. बॉक्सची किंमत एका युनिटला जड वाटत असेल तर शेजारच्या एखाद्या युनिटबरोबर अर्धा वाटून घ्या. उरलेल्या शीट मूळ वेष्टनात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, आम्ल आणि अमोनियाच्या बाटल्यांपासून लांब ठेवा. अमोनियाची वाफ थर निमूटपणे शोषून घेतो आणि मग अल्कलॉइडचे डाग विनाकारण वेगळे वागायला लागतात.