होमस्टेचं बुकिंग: अ‍ॅपवर की व्हॉट्सअ‍ॅपवर?

मालवण-तारकर्लीकडे घरच्या दोन खोल्यांत होमस्टे चालवणाऱ्या ताईंना हा प्रश्न पडतोच. अ‍ॅपमुळे अनोळखी गिऱ्हाईक मिळतं, हे खरं. पण कमिशन १५ टक्के धरलं तरी २,००० रुपयांच्या खोलीमागे ३०० गेले.

व्हॉट्सअ‍ॅपवर कमिशन नाही, आगाऊ रक्कम यूपीआयने. (स्क्रीनशॉटवर विसंबू नका, पैसे खात्यात आले का ते बघा.) खरा फायदा स्वयंपाकघरात दिसतो. मासे खाणारे किती, शाकाहारी किती, हे आधीच विचारता येतं. मग सुरमई मोजकीच आणली जाते, अन्न वाया जात नाही. अ‍ॅपवरून आलेल्यांचा बेत बहुधा दारात आल्यावरच कळतो. त्रास एकच: हात पिठात असताना फोन वाजत राहतो, आणि उत्तराला उशीर झाला की गिऱ्हाईक शेजारी.

मी म्हणेन, पहिला हंगाम अ‍ॅपवर काढावा. सोबत गूगल मॅप्सवर घराची नोंद करून पाहुण्यांकडून अभिप्राय लिहून घ्यावेत. पुढच्या दिवाळीपासून व्हॉट्सअ‍ॅपवर भर द्यावा. खोल्या वाढवायच्या असतील, तर राज्याचं २०२३ चं 'आई' पर्यटन धोरण जरूर बघा. त्यात महिलांना कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो.