सहीची बॅट घ्यावी की जुनं विस्डेन? इंदूरमधून संग्रह सुरू करणाऱ्यासाठी

क्रिकेटच्या जुन्या वस्तू जमवायचं ठरवलं की पहिली मोठी खरेदी बहुधा दोनपैकी एका वस्तूची होते. एक म्हणजे जुन्या खेळाडूंच्या सह्या असलेली बॅट. दुसरी म्हणजे छापील कागद: विस्डेन या इंग्लंडमधल्या क्रिकेट वार्षिकाचे जुने अंक, दौऱ्यांच्या स्मरणिका, सामन्यांची स्कोअरकार्डं. मी दोन्हींत पैसे घातले आहेत आणि माझा कल कागदाकडे आहे. तुमचा तसा नसला तरी हरकत नाही. बॅटच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे.

बॅट भिंतीवर लागते, घरी आलेला माणूस तिच्यापाशी थांबतो, लहान मूलही तिच्याबद्दल विचारतं. विस्डेनच्या पिवळट अंकांची रांग पाहून असं कुणी थांबत नाही. शिवाय इंदूरसारख्या गावात बॅटची ओढ वेगळीच आहे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू इथेच राहिले आणि इथेच वारले. सलामीचे फलंदाज मुश्ताक अली इथलेच. इथल्या होळकर संस्थानाच्या संघानं चार वेळा रणजी करंडक जिंकला. सरवटे, जगदाळे, निंबाळकर, गायकवाड ही त्या संघातली नावं रामबागेतल्या जुन्या घरांमध्ये अजून आपल्या माणसांसारखी घेतली जातात. त्यांच्यापैकी कुणाच्या हाताची सही असलेलं लाकूड आपल्या घरात असावं असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

अडचण सहीचीच आहे. माझा निर्णय तिनेच केला, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

बॅटवरची सही खरी की खोटी हे पडताळताना काही गोष्टी हमखास सांगता येतात, पण त्या सगळ्या ‘ही खोटी आहे’ एवढंच सांगतात. ‘ही खरी आहे’ असं त्यांतली एकही सांगत नाही. बॉलपेन बाजारात आलं १९४५ साली, तेव्हा भारताच्या १९३२ किंवा १९३६च्या इंग्लंड दौऱ्यातली म्हणून दाखवलेली सही बॉलपेनची असेल, तर ती त्या दौऱ्यात झालेली नाही. जाड टोकाचं मार्कर पेन लोकांच्या खिशात आलं १९६०च्या दशकात. नायडू १९६७ साली गेले. त्यांची मार्करमधली सही अशक्य नाही, पण शंका घ्यावीच अशी आहे. मुश्ताक अली २००५पर्यंत होते, त्यामुळे त्यांच्याबाबतीत उलटा प्रकार घडतो. सही खरी असते, पण चाळीस-पन्नास वर्षं जुन्या बॅटवर कुणीतरी उशिरा घेतलेली असते आणि विकताना ती ‘त्या काळची’ होते.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि टॉर्च बॅटच्या पात्याला जवळजवळ समांतर धरा. जुन्या बॅटच्या विलो लाकडाला उभ्या बारीक भेगा पडलेल्या असतात. शाई भेगेच्या आत उतरलेली दिसली तर भेग आधीची आणि सही नंतरची. रेघ भेगेपाशी तुटून पलीकडे तशीच पुढे जात असेल तर सही आधीची असण्याची शक्यता आहे. ठिपक्याठिपक्यांची जाळी दिसली तर ती सही छापलेली आहे. हा प्रकार छोट्या शोभेच्या बॅटींवर फार आढळतो. संपूर्ण संघाच्या सह्या असतील तर अक्षराचा कल, पेनाचा दाब आणि नावांमधलं अंतर पाहा. चौदा माणसं एकाच तिरकेपणानं सही करत नाहीत. तशा दिसल्या तर एकाच हातानं सगळी नावं लिहिलेली असण्याची शक्यता मोठी. हे नेहमी फसवण्यासाठीच केलेलं असतं असंही नाही. मागण्या फार आल्या की संघातला कुणीतरी बाकीच्यांच्या सह्या करून टाकी.

या सगळ्या चाचण्यांतून बॅट पार पडली तरी हाती काय उरतं? कुणाचं तरी मत. सोबत येणारं प्रमाणपत्र हे बहुतेक वेळा विकणाऱ्याचं म्हणणं चांगल्या कागदावर छापलेलं असतं. तुम्ही ती बॅट दहा वर्षांनी विकायला काढता तेव्हा पुढचा गिऱ्हाईक पुन्हा पहिल्यापासून विचारतो, आणि तुम्ही पुन्हा कुणाचं तरी मत विकत घेता. प्रत्येक हस्तांतरणाला हेच. त्या बॅटसारखी दुसरी बॅट जगात नसते, म्हणून शेजारी ठेवून ताडून पाहायची सोयच नाही.

कागदाचं इथं वेगळं आहे. छापील वस्तूला दुसरी प्रत असते. तुमच्या अंकात छायाचित्राचं पान आहे की नाही, जाहिरातींची पानं पूर्ण आहेत की नाही, हे दुसऱ्या प्रतीशी ताडून अर्ध्या तासात कळतं. स्कोअरकार्ड तर नोंदींशीच ताडता येतं. उदाहरणार्थ, १९४५-४६च्या रणजी उपान्त्य सामन्यात होळकर संघानं म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावांवर डाव सोडला, त्यात सहा शतकं होती. त्या सामन्याचं कार्ड कुणी आणलं आणि आकडे जुळत नसले, तर त्याचं कारण सापडलं पाहिजे. ते साधंही असू शकतं. कार्डं सामना चालू असताना टप्प्याटप्प्यानं छापली जात, आणि दुसऱ्या दिवसाच्या कार्डावर पुढचे आकडे प्रेक्षकानं पेन्सिलीनं भरलेले असत. ते आकडे खोडू नका. ते पुसलेलं कार्ड कमी मोलाचं होतं.

कागद जुना की नव्यानं छापलेला, यासाठी अतिनील टॉर्च (३६५ नॅनोमीटरचा) एकदा घेऊन ठेवावा. कागद पांढरा चकचकीत दिसावा म्हणून लगद्यात घालायची रसायनं साधारण १९५०च्या सुमाराला वापरात आली. तीसच्या दशकातला म्हणून दाखवलेला कागद अंधारात त्या टॉर्चखाली निळसर पांढरा उजळला तर तो त्या काळचा नाही. जुना कागद मंद, पिवळसर किंवा तपकिरी राहतो. विस्डेनच्या सुरुवातीच्या वर्षांच्या हुबेहूब नव्या आवृत्त्या निघालेल्या आहेत. त्या प्रामाणिकपणे नव्या म्हणूनच निघाल्या, पण दोन-तीन हातांतून गेल्यावर त्यांचा नवेपणा सांगायचा राहून जातो.

आता जपणूक. इंदूरचा उन्हाळा कोरडा आणि पावसाळा दमट, हे दोघांनाही मानवत नाही. सही असलेल्या बॅटचं दुखणं असं, की ती दाखवायची तर उजेडात ठेवावी लागते आणि उजेडात शाई उडते. शाईच्या पेनाची निळी सही खिडकीसमोरच्या भिंतीवर काही वर्षांत फिकट होते, आणि उडालेली शाई परत येत नाही. त्यात पूर्वीच्या मालकानं बॅटला नेमानं अळशीचं तेल चोळलेलं असेल तर सही पसरते, कडा तपकिरी होतात. वर वार्निश मारलेलं असेल तर ते पिवळं पडतं आणि काढायला गेलं की सहीही निघते. म्हणून सही असलेल्या बॅटला तेल, पॉलिश काहीही लावू नका, मुठीवरचं रबर भुसभुशीत झालं असलं तरी बदलू नका. बॅटखाली पिठासारखा बारीक भुसा दिसला तर लाकडात भुंगा आहे. एवढी लांब वस्तू घरच्या फ्रीजरमध्ये मावत नाही, तिथून पुढे तज्ज्ञाकडेच जावं लागतं.

पुस्तकाला कसर लागली तर तेच काम घरी होतं. पुस्तक जाड पॉलिथिनमध्ये हवा काढून घट्ट बंद करायचं, उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायचं, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता चोवीस तास तसंच राहू द्यायचं. लगेच उघडलं तर गार पानांवर दव धरतं. स्मरणिकांच्या तारेच्या पिना पावसाळ्यात गंजतात आणि गंज कागद खातो. पिनेच्या मागच्या टोकांखाली बोथट पट्टी सरकवून ती सरळ करा, पिना काढा आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवा. नवी भोकं पाडू नका. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर कधीच नाही. पारदर्शक पाकीट पॉलिस्टरचं घ्या, पीव्हीसीचं नको. ते कागदाला चिकटतं. कपाटातली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली तर उत्तम, ६५च्या वर गेली की बुरशीची तयारी झाली समजा. छोटं आर्द्रतामापक यंत्र आणि सिलिका जेल पुरतं. वेखंड ठेवायची आपली जुनी पद्धत चालते, पण पुरचुंडीत बांधून, कागदाला न टेकता.

लिलावातून घ्यायचं असेल तर वजनाचाही हिशेब करा. कुरिअरवाले आकारमानानं वजन धरतात, बहुधा लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये भागिले ५००० असं. बॅटसाठी १०० × २० × १५चं खोकं लागलं तर बॅट सव्वा किलोची असूनही आकार सहा किलोंचा होतो. एक अंक २५ × २० × १२च्या खोक्यात जातो, म्हणजे १.२ किलो. बोली लावताना हातोड्याची किंमत ही शेवटची किंमत नसते. १०,००० रुपयांवर हातोडा पडला, लिलाव संस्था खरेदीदाराकडून वर घेते ते अधिमूल्य २५ टक्के असलं आणि त्या अधिमूल्यावर १८ टक्के जीएसटी असला, तर १०,००० अधिक २,५०० अधिक ४५०, म्हणजे १२,९५० झाले, शिवाय कुरिअर. दर संस्थेगणिक बदलतात, म्हणून अटी वाचून आपली वरची मर्यादा आधीच उलट गणित करून ठरवावी. बॅटच्या वर्णनात ‘सही असलेली’ आणि ‘सही असल्याचं सांगितलं जातं’ यांतला फरक नीट पाहा. पुस्तकाच्या वर्णनात ‘पानं तपासलेली नाहीत’ असं असेल तर पाठ (पुस्तकाचा कणा), पहिलं पान, शेवटचं पान आणि छायाचित्राचं पान यांचे फोटो मागवा. नव्यानं बांधलेल्या अंकात मूळ वेष्टन आत ठेवलं आहे का, हे विचाराच. मूळ वेष्टन गेलं असेल तर भाव बराच उतरतो.

एका बाबतीत मात्र कागद मागे पडतो. १९७२च्या पुरावशेषांच्या कायद्यात वस्तू पुरावशेष ठरण्याची मर्यादा १०० वर्षांची आहे, पण ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाच्या हस्तलिखितांना आणि कागदपत्रांना ती ७५ वर्षांचीच. म्हणजे होळकर संघाच्या ऐन भरातली कागदपत्रं या मर्यादेच्या पलीकडे गेलेली आहेत किंवा जाताहेत, आणि त्याच काळातली बॅट अजून अलीकडे आहे. पुरावशेष ठरलेल्या वस्तू खासगी माणसाला परदेशात पाठवता येत नाहीत. लंडनच्या लिलावात द्यायचा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करून, ती वस्तू पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र मिळतं का ते पाहावं. देशातल्या देशात विकणाऱ्यालाही हा मुद्दा विसरून चालत नाही.

घरच्याच वाड्यातल्या ट्रंकेत बॅट निघाली असेल तर ती गोष्ट निराळी. ती ठेवा. कुणाला, केव्हा, कुठल्या सामन्यात मिळाली हे घरातल्या वयस्कर माणसाकडून आज लिहून घ्या, तारीख घालून त्यांची सही घ्या, जुना फोटो असेल तर जोडा. बाजारातल्या बॅटला जे मिळत नाही ते हेच. अटालेवाल्याकडे, म्हणजे भंगारवाल्याकडे, ट्रंक देण्याआधी तळाशी स्कोअरकार्डं, पास, संघाचे फोटो नाहीत ना, तेही बघा. खजुरी बाजारात जुनी पुस्तकं चाळायची सवय असणाऱ्यांना हे सांगायला नको.

पण पैसे मोजूनच सुरुवात करायची असेल, तर माझ्या मते इंदूरच्या माणसानं विस्डेनचे तीन अंक आधी जमवावेत. १९३३चा, कारण त्यात नायडू वर्षातल्या पाच खेळाडूंपैकी एक आहेत, आणि भारतानं १९३२ साली खेळलेल्या पहिल्याच कसोटीचा हिशेबही त्यातच आहे. १९३७चा, कारण त्यात मँचेस्टरला मुश्ताक अलींनी काढलेले ११२ आणि विजय मर्चंट यांच्यासह केलेली २०३ धावांची सलामी आहे. आणि १९४७चा. त्यात १९४६च्या दौऱ्यात ओव्हलवर सरे संघाविरुद्ध सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी शेवटच्या गड्यासाठी केलेली २४९ धावांची भागी आहे. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१.

तिघांत १९४७चा आधी घ्यावा. १९३८पासून मऊ कापडी वेष्टन आलं, ते आधीच्या कागदी वेष्टनापेक्षा हाताळायला कणखर आहे, त्यामुळे पान उलटताना, पाठ तपासताना शिकणाऱ्या हातून नुकसान कमी होतं. १९३३ आणि १९३७च्या कागदी अंकांची पाठ सुकून तडकलेली असते. ते टेबलावर सपाट उघडू नका. दोन्ही बाजूंना मऊ कापडाच्या गुंडाळ्या ठेवून नव्वद अंशांपुरतेच उघडा आणि आधी छायाचित्राचं पान जागेवर आहे का ते पाहा.