कोर्सेअर ७०००डी एअरफ्लो की फ्रॅक्टल टोरेंट? मोठं कॅबिनेट घेण्याआधी

ग्राफिक्स कार्ड मोठं घेतलं म्हणून कॉम्प्युटरचं कॅबिनेटही फुल टॉवरच, म्हणजे सगळ्यात मोठ्या आकाराचंच घ्यायचं, असं बरेच जण ठरवून टाकतात. आसुसचं आरओजी स्ट्रिक्स आरटीएक्स ४०९० हे दांडगं कार्डही लांबीला ३५८ मिमीच्या आत आहे, आणि तेवढी जागा आजकाल कितीतरी मिड टॉवरमध्ये, म्हणजे मधल्या आकाराच्या कॅबिनेटमध्ये मिळते. अडचण येते ती रुंदीची. हे कार्ड जवळपास १५० मिमी रुंद आहे. त्यावर पॉवर केबल वळायला आणखी ३५ मिमी तरी सोडावे लागतात. अरुंद कॅबिनेटमध्ये बाजूची काच त्या केबलला दाबते आणि कनेक्टर नीट बसत नाही.

ई-एटीएक्स (नेहमीपेक्षा मोठ्या आकाराचा) मदरबोर्ड, चार-सहा हार्ड डिस्क किंवा कस्टम लूप (सुटे भाग जुळवून केलेलं पाण्याचं कूलिंग), यांपैकी काही असेल तर मात्र मोठ्या कॅबिनेटला पर्याय नाही. त्यातली सारखी पुढे येणारी दोन नावं म्हणजे ७०००डी एअरफ्लो आणि टोरेंट. दोन्ही २०२१ ची. टोरेंटला फुल टॉवर म्हणावं का यावर वाद घालता येईल, पण ई-एटीएक्स बोर्ड त्यात बसतो.

७०००डी ६०० मिमी खोल, ५५० मिमी उंच आणि रिकामं असतानाच १८ किलोंच्या वर. सगळे भाग बसवल्यावर दिवाळीच्या साफसफाईला ते एकट्याने हलवायच्या भानगडीत पडू नये. टोरेंट ५४४ मिमी खोल, ५३० मिमी उंच, वजन ११ किलोंच्या आसपास. साठ सेंटीमीटर खोल टेबलावर टोरेंट ठेवून मागे केबलना थोडी जागा उरते. ७०००डी तिथे सरळ जमिनीवरच जातं.

खरा फरक प्रोसेसर थंड कसा करणार यावर आहे. टोरेंटमध्ये पॉवर सप्लाय वर बसतो, त्यामुळे छताला रेडिएटर (वॉटर कूलिंगचं गरम पाणी थंड करणारी जाळी) लावायची सोयच नाही. ३६० मिमीचा एआयओ (पंप आणि रेडिएटर जोडूनच येणारा तयार वॉटर कूलर) लावायचा तर दोनच जागा उरतात. समोर लावलात तर १८० मिमीचे ते दोन प्रचंड पंखे काढावे लागतात, आणि टोरेंट घ्यायचं ते त्यांच्यासाठीच. तळाला लावलात तर पंप रेडिएटरच्या वर येतो, लूपमधली हवा पंपात जमते, आवाज सुरू होतो आणि पंपाचं आयुष्य घटतं. म्हणून एआयओ घ्यायचं पक्कं असेल तर टोरेंटचा विचार माझ्या मते सोडूनच द्यावा. ७०००डीमध्ये छताला ४२० मिमीपर्यंतचा रेडिएटर बसतो. ३६० चे तीन एकाच वेळी लावता येतात.

हवेवर चालणाऱ्या कूलरचं गणित उलटं. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा १६५ मिमी उंच कूलर टोरेंटमध्ये आरामात मावतो. समोरून १८० चे दोन आणि खालून १४० चे तीन पंखे थंड हवा थेट कार्डावर आणि कूलरवर सोडतात. पाचही पंखे कॅबिनेटसोबतच येतात, वेगळा खर्च नाही. ७०००डीसोबत १४० चे तीन येतात आणि तेवढ्या मोठ्या पेटीला ते अपुरे वाटतात. आणखी दोन-तीन घ्यावेच लागतात, ते बजेटमध्ये धरा.

हार्ड डिस्कसाठी टोरेंट कंजूष आहे: साडेतीन इंची फक्त दोन. ७०००डीमध्ये सहा. व्हिडिओ एडिटिंगही त्याच मशीनवर करणाऱ्याने इथेच निर्णय घेऊन टाकावा.

धुळीचं म्हणाल तर टोरेंट खालून हवा ओढतं. जमिनीवर, त्यातही गालिच्यावर ठेवलंत तर घरातली धूळ झाडूआधी तेच गोळा करेल. स्टँड घ्या आणि खालचा फिल्टर वरचेवर धुवा.

आणि नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात कुठलंच कॅबिनेट जादू करत नाही. ४५० वॅटचं कार्ड पूर्ण जोरात चालतं तेव्हा ती सगळी उष्णता खोलीतच येते, आणि आत ओढली जाते तीही खोलीतलीच हवा. पंखे-रेडिएटर वाढवण्याआधी एसीचा विचार करा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जुनं टोरेंट स्वस्तात मिळालं तर एक गोष्ट तपासा. सुरुवातीच्या टोरेंटमधल्या फॅन हबमध्ये (सगळे पंखे एकत्र जोडायच्या पट्टीत) शॉर्ट सर्किट होऊन आग लागण्याचा धोका होता, म्हणून फ्रॅक्टलने २०२२ मध्ये ते हब परत मागवले. हब बदलल्याचं विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर तो हब वापरू नका. पंखे थेट मदरबोर्डला किंवा दुसऱ्या हबला जोडा.