व्हाँदे ग्लोब की गोल्डन ग्लोब: जास्त कठीण कोणती?

शिडाच्या नौकेने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या या दोन्ही शर्यती फ्रान्समधल्या ले साब्ल दोलोनहून सुटतात. दोन्हींत नौकेवर माणूस एकटाच आणि वाटेत कुठेही थांबायचं नाही. साम्य जवळपास इथेच संपतं.

व्हाँदेच्या ६० फुटी नौका निव्वळ वेगासाठी बांधलेल्या. शार्ली दालँने २०२५ मध्ये ६५ दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. फॉइलवर, म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर, उचललेली नौका पाण्यावर आदळते तेव्हा आत धड उभंही राहता येत नाही. झोप मिळते ती तुकड्यातुकड्यांनी. मात्र हवामानाचा ताजा अंदाज समोर असतो.

गोल्डन ग्लोबमध्ये जुन्या धाटणीच्या ३२ ते ३६ फुटी नौका. जीपीएस नाही. हलत्या डेकवर तोल सांभाळत सेक्सटंटने सूर्याची उंची मोजायची, आकडेमोड करायची, कागदी नकाशावर खूण करायची. आभाळ भरलं की सगळं अंदाजावर! संथ नौकेला वादळाला बगल देणंही अवघड. २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात भारताच्या अभिलाष टॉमी यांच्या नौकेची डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. पुढच्याच शर्यतीत ते दुसरे आले, याचं मला आजही अप्रूप वाटतं. ती जिंकणाऱ्या कर्स्टन नॉयशेफरला २३५ दिवस लागले.

शरीर व्हाँदेत जास्त पिळून निघतं. तरी माझा कौल गोल्डन ग्लोबला: इतके महिने एकट्याने मन ताळ्यावर ठेवणं मला अधिक कठीण वाटतं.