ठाण्याच्या गच्चीवरून टिपलेला तेजोमेघ आणि सिरिल

घोडबंदर रस्त्यालगतच्या गच्चीवरून मृग नक्षत्रातील एम ४२ हा तेजोमेघ टिपणाऱ्याची खरी कसोटी दुर्बिणीपाशी नव्हे, तर संगणकापुढे लागते. त्याच्या गाभ्यातील ट्रॅपेझियम या छोट्या तारकापुंजाचे तारे इतके प्रखर आहेत की कडेचे फिकट पदर उजळायला जावे, तर मध्यभागी नुसता पांढरा डाग उरतो. या कामासाठी सिरिल हे मुक्तस्रोत आणि विनामूल्य सॉफ्टवेअर मला सर्वांत उपयुक्त वाटले.

त्यातील ‘जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच’ ही प्रतिमेला ताण देण्याची, म्हणजे फिकट भाग उजळवण्याची, सोय विशेष मोलाची आहे. हिस्टोग्रामवर, म्हणजे प्रतिमेतील तेजाच्या वाटणीच्या आलेखावर, कोणत्या तेजापाशी सर्वाधिक ताण द्यायचा, तो बिंदू आपणच ठरवतो; तो पार्श्वभूमीच्या शिखराजवळ ठेवून प्रखर भाग राखणारी पट्टी थोडी खाली आणली, की धुरकट पंख वर येतात आणि गाभ्यातील छटाही टिकतात. हे एकदम न करता हलक्या हाताने दोन-तीनदा करावे. मात्र त्याआधी, ताण न दिलेल्या प्रतिमेवरच, शहरी उजेडाचा चढउतार काढून टाकावा आणि त्यासाठीचे नमुना-बिंदू तेजोमेघावर पडू देऊ नयेत. नाहीतर फिकट पदरच पुसले जातात.

परिमाणांची नावे नवख्याला बुजवणारी आहेत, हे खरे. शिवाय मूळ छायाचित्रातच अति प्रकाशाने करपलेला गाभा कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही, म्हणून काही सेकंदांची वेगळी छायाचित्रे घ्यावीच लागतात. ती मास्क, म्हणजे हवा तेवढाच भाग दिसू देणारा थर, वापरून मिसळण्यासाठी मी गिंप हे चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर उघडतो.