शटर वर गेलं, पुढे काय? निर्बंध उठलेल्या एका कोल्हापुरी नागरी बँकेची सेवा

बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खालचे रिझर्व्ह बँकेचे निर्बंध, म्हणजे पैसे काढण्यावर आणि व्यवहारांवर घातलेली बंधनं, उठले आणि कोल्हापुरातली ही नागरी सहकारी बँक पूर्ववत सुरू झाली. पैसे मिळतात का? मिळतात. स्लिप भरायची, टोकन घ्यायचं, नोटा खिडकीपाशीच मोजून घ्यायच्या. मोठी रक्कम हवी तर आदल्या दिवशी सांगावं लागतं. त्यात संशय घेण्यासारखं काही नाही, शाखेत रोकड किती ठेवायची याला मर्यादा असतेच. गुजरीतल्या सराफांना आणि मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्यांना हे नव्याने सांगायला नको.

अडतं ते काउंटरच्या मागे. छोट्या नागरी बँका बहुधा क्लिअरिंगमध्ये, म्हणजे बँकाबँकांतल्या चेक वटवण्याच्या आणि पैसे पाठवण्याच्या व्यवस्थेत, स्वतः नसतात, एखाद्या मोठ्या प्रायोजक बँकेमार्फत असतात. निर्बंध लागले की ही जोडणी बंद पडते, आणि उठल्यावर आपोआप सुरू होत नाही. इथे चेक आणि एनईएफटी चालू आहे, यूपीआय मात्र अजून रखडतं. म्हणून आधी शंभर रुपयांचा एनईएफटी बाहेरच्या खात्यातून इथे आणि इथून बाहेर करून बघा, मगच पार्टीला हा खाते क्रमांक द्या. निर्बंधांआधी दिलेले चेक तीन महिन्यांची मुदत उलटून शिळे झालेत, ते परत घेऊन नवे द्यावे लागतील.

सरकारी अनुदानाचं गणित वेगळं. ते खाते क्रमांकावर नव्हे, आधार शेवटी ज्या बँकेशी जोडलं त्या बँकेत जातं. निर्बंधांच्या काळात बहुतेकांनी जोडणी दुसरीकडे नेली. काउंटरवर 'परत इकडे करून घ्या' असा आग्रह होतो. घाई करू नका, यूपीआय नीट चालेपर्यंत आहे तिथेच राहू द्या.

सगळ्यात कच्चं काम हिशेबाच्या नोंदींचं. पासबुकात निर्बंधांच्या काळातलं व्याज आणि ठेव विम्याची रक्कम (बँक अडचणीत आली की ठेवीदाराला विम्यातून मिळते ती) एकाच ओळीत छापून येते. ते चालवून घेऊ नका. निर्बंध लागल्याच्या तारखेपासूनचा सविस्तर उतारा लेखी अर्ज देऊन मागा आणि तीन नोंदी वेगळ्या तपासा: जमा झालेलं व्याज, ठेव विमा महामंडळाकडून (डीआयसीजीसी) मिळालेले पैसे आणि कर्जाच्या थकबाकीपोटी झालेली वजावट. विम्याची ५ लाखांची मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून असते. मुद्दल ४,७०,००० आणि व्याज ४५,००० असेल तर ५,१५,००० होतात. त्यातले ५ लाख विम्यातून, उरलेले १५,००० बँकेकडे. उताऱ्यात ते दिसायलाच हवेत. दोन शाखांतली खाती एकत्र मोजतात. एकट्याच्या मालकीच्या दुकानाचं खातं मालकाच्या बचत खात्यात धरतात, भागीदारी फर्मचं वेगळं. मुदत संपलेली ठेव असेल तर मूळ पावती मागे सही करून देण्याआधी मधल्या काळाचं व्याज कोणत्या दराने लावणार ते लिहून घ्या. आणि कर्ज घेताना कापून घेतलेले शेअर्स म्हणजे ठेव नव्हे, त्यांना विमा नाही.

या विम्याचं मूळही बंद बँकांमध्येच आहे. मार्च १९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी अमेरिकेतल्या झाडून सगळ्या बँका बंद केल्या आणि १३ तारखेपासून परवाना मिळेल तशा टप्प्याटप्प्याने उघडू दिल्या. नंतर तिथे ठेव विमा आला. आपल्याकडे १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यावर जाग आली, १९६२ पासून विमा सुरू झाला, तोही १,५०० रुपयांचा. ५ लाख झाले ते फेब्रुवारी २०२० मध्ये. निर्बंध लागल्यावर ९० दिवसांत पैसे देण्याची तरतूद २०२१ ची. त्याआधी परवाना रद्द होईपर्यंत ठेवीदार नुसते हेलपाटे घालायचे.

मग पैसे ठेवावेत का? रोजच्या व्यवहारापुरतं खातं चालवायला हरकत नाही, कर्मचारी माणसं ओळखतात आणि कामं अडवत नाहीत. ठेव मात्र व्याज धरून ५ लाखांच्या आत. अर्धा टक्का जादा दराची पाटी दिसली तर जास्तच सावध व्हा. वार्षिक सभेची नोटीस आली की अहवाल मागा, सभासदाचा तो हक्क आहे. निव्वळ अनुत्पादित कर्ज (तरतूद वजा जाता उरलेलं थकीत कर्ज) ३ टक्क्यांच्या आत आहे का आणि भांडवल पर्याप्तता (तोटा सोसायला बँकेचं स्वतःचं भांडवल) किती, हे आधी बघा. नंतर ताळेबंदात ठेव विमा महामंडळाचं देणं शोधा. निर्बंधांत ठेवीदारांना वाटलेले ते पैसे बँकेला फेडायचे असतात. गेल्या वर्षीच्या आकड्यापेक्षा ते कमी झालेलं नसेल, तर का नाही, हा प्रश्न सभेत उभं राहून विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.